आठव्या पाकळीची जागा

जि. प. शाळा, ता. देगलूर
८ जानेवारी २०२५

प्रिय मंजूअक्कास,
शरणु शरणार्थी. वि. वि.

देवळाच्या दगडी जाळीतल्या, खालून तिसऱ्या ओळीतल्या पाचव्या फुलाला सातच पाकळ्या आहेत, बाकी सगळ्यांना आठ. पुजारी शंकरप्पांनी काल पूजेनंतर बोटं घालून मोजल्या आणि सातच म्हणून महादेवाची शपथ घेतली. म्हणजे चौकटीच्या कागदावर मी उतरवून पाठवलेली नक्षी बरोबर होती. माझ्या मोजणीला हसून तुम्ही शालीत आठवी पाकळी आपल्या मनानं विणलीत, ती आता उसवा. मी मुलांना पाढे शिकवते, विसरू नका!

तुमच्या अप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, शालीचं अजून काही कळलेलं नाही. घरी आलेलं पत्र तेच फोडतात आणि फोनवर बोलावं तर कान लई तिखट, म्हणून शाळेच्याच पत्त्यावर लिहा. त्यांनी एकतीस वर्षं देवळाची राखण केली. ३१ तारखेला किल्ली नव्या माणसाकडं जाईल. परवा सहज म्हणाले, इतक्या साहेबांना शाली घातल्या, दर वेळी ताट धरायला मीच होतो.

माया आहे तशी असू द्या, मोजणीवर विश्वास मात्र वाढवा.
तुमची,
अंजू

लातूर
१३ जानेवारी २०२५

प्रिय अंजूवहिनीस,
शरणु शरणार्थी. वि. वि.

पत्र वाचलं आणि सुया खाली ठेवल्या. त्या फुलापर्यंत उसवायचं म्हणजे ऐंशी ओळी जाणार. बँकेतून आल्यावर रोज कशाबशा पाच-सहा होतात. हे म्हणतात, एक पाकळी कोण मोजत बसतंय?

मलाही तसंच वाटायला लागलंय. नऊशे वर्षांपूर्वी कुणा कारागिराचा हात चुकला, ती चूक मी कशाला विणू? ३१ला अप्पांच्या खांद्यावर शाल पडली पाहिजे. अर्धवट शाल घेऊन मी कोणत्या तोंडानं येऊ?

निकाल कळवा. कडक असला तरी माया पातळ करू नका.
तुमची,
मंजू

जि. प. शाळा, ता. देगलूर
१८ जानेवारी २०२५

प्रिय मंजूअक्कास,
शरणु शरणार्थी. वि. वि.

ती चूक न्हाई, अक्का. काल चौथीचा वर्ग देवळात नेला आणि भोळा चेहरा करून अप्पांना त्या फुलाचं विचारलं. त्यांनी आम्हाला जाळीच्या मागं नेलं. दगडात केसाएवढी बारीक रेघ वरून खाली गेलीय, नेमकी आठव्या पाकळीच्या जागेतून. अप्पा म्हणाले, ही दगडाची नस. कारागिरानं ती ओळखली आणि छिन्नी मागं घेतली. पाकळी कोरली असती तर सगळी जाळी दुभंगली असती. आपलं फूल अपुरं दिसणार हे त्याला कळत होतं, तरी त्यानं हात आवरला.

मग मी तिथं बोट लावलं. बाकीचा दगड खरखरीत, तेवढीच जागा नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत. कुलूप लावण्याआधी अप्पा रोज तिथं बोट टेकवतात. पण एका माणसाच्या बोटानं एकतीस वर्षांत दगड इतका झिजत नाही. त्यांच्याआधी किती जणांनी टेकवलं असेल, त्याला माझे पाढे पुरेनात.

आठ पाकळ्यांची शाल आली तर अप्पा छान म्हणतील, आणि घडी घालून ठेवून देतील. निकाल तुम्हीच करा.

रागावलात तरी मायेत खंड नको.
तुमची,
अंजू

लातूर
२६ जानेवारी २०२५

प्रिय अंजूवहिनीस,
शरणु शरणार्थी. वि. वि.

पत्र आलं त्याच संध्याकाळी उसवली. तेव्हापासून स्वयंपाक ह्यांच्याकडं आहे आणि आम्ही रोज खिचडी खाऊन राहिलो. बँकेतून चार दिवस रजाही काढली.

दुसऱ्याच दिवशी त्या जागेवर आले. जाळी न पाडता तिथं नुसते साधे, भरीव टाके घालायचे होते. दोन मिनिटांचं काम, पण मी टाके तीनतीनदा मोजले. छिन्नी मागं घेताना त्या कारागिरानंही असंच मोजलं असेल का हो?

शेवटच्या काही ओळी राहतील. ३१ला पहाटेच्या उदगीर गाडीनं निघते, बसमध्ये विणते आणि देगलूरच्या स्टँडवर सुया काढते. या वेळी ताट तुम्ही धरा. शाल घातल्यावर कुणी अप्पांना काही सांगायचं नाही. त्यांचं बोट कुठं जाऊन थांबतं, तेवढंच बघायचं.

बाकी माया समक्ष.
तुमची,
मंजू