चौकोनी काच

सोमवार, ३ तारीख

नोकरी लागली. फोटो स्टुडिओच्या वरची खोली, दोन खुर्च्या, एक कॉम्प्युटर आणि मालक. कॉलेज अर्धवट का सोडलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सरांशी वाजलं. ते हसले आणि म्हणाले, माझ्याशी वाजवू नकोस म्हणजे झालं. मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, चला, आता सकाळी अंथरूण तरी सुटेल.

काम मजेचं आहे. ग्रुप फोटोत ज्या चेहऱ्यावर क्लिक कराल तो राखाडी होणार आणि खाली नाव येणार. गंमत अशी की नुसत्या फोटोला क्लिक कळत नाही. चेहऱ्यावर एक न दिसणारी काच ठेवावी लागते. क्लिक ती झेलते. काच जेवढी, तेवढा भाग राखाडी. नमुन्याला मी आमच्या वर्गाचाच फोटो घेतला. मधल्या रांगेत ती आहे. दिवसभर तिच्याकडे बघायचा पगार मिळणार, आणखी काय पाहिजे!

मंगळवार, ४ तारीख

पहिली काच सरांवर. तिच्यादेखत वर्गाबाहेर काढलं होतं त्यांनी मला. बोट जरा जोरातच पडलं. चेहरा राखाडी, खाली नाव. मालक खूश. म्हणाले, गिऱ्हाइकांना उगाच टकटक करायची खोड असते, एकदा राखाडी झालेल्या काचेने पुन्हा क्लिक घेऊ नये. तशी एक ओळ लिहून टाकली.

बुधवार, ५ तारीख

मावशी बाजारातून बातमी घेऊन आली. काल शिकवता शिकवता सर खडू हातात धरून थांबले, ते थांबलेच. श्वास चालू, डोळे उघडे, पण हाकेला ओ नाही. डॉक्टरांना काही सापडत नाही. तोंड राखेसारखं झालंय म्हणे. मी म्हटलं, बरं झालं. मावशीने असं पाहिलं की मान खाली घालावी लागली. योगायोग असणार.

गुरुवार, ६ तारीख

तिला फोन केला. तिचं उंटाशी ठरलंय. उंट म्हणजे वर्गातला तो लंबू. फोटोत तिच्यामागे वाकून उभा आहे. मी तोंडाला येईल ते बोललो. ती शांतपणे म्हणाली, तुझा हा संताप बघूनच कधी हो म्हटलं नाही, आता तरी शहाणा हो.

डोकं फिरलं. तडक कामावर आलो, उंटावर काच टाकली आणि केलं क्लिक. योगायोगच असेल तर काय बिघडतंय, असं म्हणत केलं. तसं वाटत मात्र नव्हतं.

शुक्रवार, ७ तारीख

तिचा फोन तिच्या भावाने उचलला. उंट कालपासून उभाच्या उभा थिजलाय. आणि ती – तिचा एक गाल, एक डोळा गार पडलाय. पापणी मिटत नाही. सांगता सांगता भाऊ रडला.

काच चौकोनी असते. रागात मापं कोण बघतं. खालचा कोपरा तिच्या गालावर होता.

शनिवार, ८ तारीख

राखाडी काचा दाबून दाबून बोट दुखतंय. घेत नाहीत. ती ओळ मीच लिहिली. पुसली तर प्रोग्रॅमच उघडेना, परत घातली. मग सरांची काच काढून टाकली. तासाभराने मावशीचा फोन – सर गेले.

म्हणजे काच काढायची नाही. फोटो पुसायचा तर विचारही नको.

उद्या कॉलेजचा कारकून नमुना चालवून बघायला येणार, म्हणून मालकांनी उरलेल्या सगळ्या चेहऱ्यांवर काचा ठेवल्या. तिच्यावरही. तुझं काम हलकं केलं म्हणाले. मी सगळं सांगितलं, पाया पडलो. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप आहे, घरी जा म्हणाले.

रविवार, ९ तारीख

सगळ्यांच्या आधी आलो. काच काढता येत नाही, पण ओढता येते. मागच्या रांगेतली माझी काच ओढून फोटोभर केली. सगळ्यांच्या वर. आता कारकून कुणावरही क्लिक करू दे, झेलणार मी. तिचा तो एक डोळा तरी राहील.

निघताना मावशीच्या पाया पडलो. बोहल्यावर चाललास की काय, म्हणाली.

कारकून आला. बसला. मालक त्याला माउस देतायत. मी समोर बसून लिहितोय, हाताला काहीतरी हवं म्हणून –

टक.

झालं. तोंड गार. जीभ हलत नाही. हात चालतोय अजून.

मालक म्हणतायत, अरे, हे काय, एकदम सगळा फोटो राखाडी –

सगळा. काच जेवढी तेवढा – मापं – मी पुन्हा मापं न बघता –

तिचा उरलेला डोळा