पुडीतली सहावी बिडी

काका, परवा आळेफाट्याच्या आपल्या दुकानात एक बाई नवऱ्याला दंडाला धरून घेऊन आली. म्हणाली, "ताई, याची बिडी सोडवा." मी त्याचं बंडल ताब्यात घेतलं, दिवसाला किती ओढतोस ते विचारलं आणि त्याच्यादेखतच मोजून पुड्या बांधल्या. रोज एक पुडी, दर आठवड्याला पुडीत एक बिडी कमी. बिडी सोडवण्यात या भागात माझा हात धरणारं कुणी नाही, हे मी तोंडावर सांगते. पद्धत मात्र तुमची. फार्मसीचा डिप्लोमा घेऊन मी तुमच्याकडं लागले तेव्हा मला हा खुळेपणा वाटला होता. औषधाच्या दुकानात बिड्या कसल्या वाटायच्या?

मग एक दिवस माझे वडीलच गिऱ्हाईक झाले. दादा पिंपळवंडीहून रोज एसटीनं यायचे, पुडी खिशात घालून परत जायचे. बारावरून सहावर आले होते. पण दुकानाच्या चार पायऱ्या चढल्या तरी त्यांना धाप लागायची, आणि मला भीती वाटायची, की बिडी सुटायच्या आधी दादाच जातील. मी घाई केली. एका पुडीतली एक बिडी गुपचूप काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी दादा दुकानात उभे आहेत, हातात नवं कोरं बंडल. चारचौघांत तुम्हाला म्हणतात, "काका, सहा म्हणालात, पाचच निघाल्या. तुमीच फसवाया लागल्यावर आमी कुणाकडं जायचं? ऱ्हाऊ द्या, मला न्हाई सोडायची." त्यांनी टाकलेला पुडीचा कागद तुम्ही उचललात. कोपरा आत दुमडायची सवय माझी, तुमची नव्हे. माझ्याकडं तुम्ही बघितलंही नाही. "चुकलं माझं, भाऊ. मोजताना गफलत झाली," म्हणालात, आणि त्यांच्यासमोर सात बिड्या मोजल्यात, कालची एक धरून. दादा जरा वेळ घुटमळले. मग नवं बंडल तुमच्यापुढं ठेवून गेले. मला तुम्ही एवढंच म्हणालात, "उद्यापासून त्यांच्यासमोर मोजायचं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही ओरडला असतात तर बरं वाटलं असतं.

दादांची बिडी सुटली, काका. गेल्या वर्षी ते लेण्याद्री चढले, बसत बसत, पण चढले. तुम्ही गेल्यापासून रोज दुकानात स्टुलावर बसतात आणि नव्या गिऱ्हाइकाला धीर देतात, "आमच्या काकांनी माझी सोडवली. माणूस लई मोठा, पन मोजायला कच्चा व्हता." लोक हसतात.

हे पत्र दादांच्या हातात द्यावं असं दोनदा मनात आलं, मग ड्रॉवरमध्ये सरकवून ठेवलं. तुम्ही मोजण्यात कधीच चुकला नाहीत, हे फक्त मला माहीत आहे. आज सकाळीही दादा तेच बोलले, आणि मी खाली मान घालून गोळ्या मोजत राहिले.