जाळीत शिरण्याआधीचा चहा

सोमवार, १२ फेब्रुवारी २००७
न्युरेम्बर्ग

अण्णा,

आज सकाळी हे नेहमीप्रमाणे ऑफिसला गेले. मी कामावर फोन करून आजारी असल्याचं कळवलं. आजारी नाही. भांडी घासली, ओटा पुसला, बाल्कनीतलं बर्फ झाडलं. मग ड्रेस्डेनला फोन लावला. तुमच्या नातवाने उचलला नाही, म्हणून त्याच्याबरोबर राहणाऱ्या मुलाला लावला. तो म्हणाला, आहे, खोलीतच आहे, पण दार उघडत नाही. जेवतो का, विचारलं. तर म्हणाला, रोज बेसिनमध्ये एक ताट दिसायचं, कालपासून तेही दिसलं नाही. मी त्याला दार वाजवायला सांगितलं. फोन कानाशी धरून त्याने दार वाजवलं आणि तुझ्या आईचा फोन आहे म्हणाला. मग आतून एक शब्द आला, "या." तो मुलगा खूश होऊन मला म्हणाला, ऐकलंत ना, हो म्हणाला. मी आभार मानून फोन ठेवला. आता शेगडीवर चहाचं पाणी ठेवलंय, आच सगळ्यात कमी केली आहे, आणि ते उकळेपर्यंत तुम्हाला लिहितेय.

तुम्ही याला पाहिलं नाहीत. तुम्ही गेल्यावर झाला. एकोणीस वर्षांचा आहे, ड्रेस्डेनच्या युनिव्हर्सिटीत इंजिनियरिंगला होता. लहानपणी मराठी बोलायचा, आता समजतं पण उत्तर जर्मनमधून देतो. मागच्याच्या मागच्या शनिवारी घरी आला आणि जेवताना सांगितलं की एका विषयात दोनदा नापास झालो होतो, तिसऱ्यांदा परीक्षेला बसलोच नाही. इथे तिसरी संधी शेवटची असते. ती गेली की तो विषय पुन्हा शिकता येत नाही. हे म्हणाले, "मग आता काय, लोकांची पार्सलं पोचवणार?" तो वरणभात तसाच टाकून उठला. दारात तो बूट घालत असताना मी दंडाला धरलं, तर हात सोडवून घेत म्हणाला, "इश बिन म्यूडं, मामा." दमलोय आई, एवढंच. आणि संध्याकाळच्या गाडीने गेला.

हे लगेच गाडीची किल्ली घेऊन उभे राहिले. आत्ताच्या आत्ता जातो आणि त्याला घेऊन येतो, म्हणाले. रागात होते. मी दाराशी उभी राहिले आणि माझ्या तोंडून तुमचं वाक्य गेलं, "आधी चहा." हे म्हणाले, "हे तुझ्या वडिलांचं जंगल नाही." पण बसले. चहा प्यायले. राग उतरला, आणि रागाबरोबर जाणंही उतरलं. तेव्हापासून रोज मला सांगतात, तुझंच बरोबर होतं, येईल आपणहून.

तुमच्या कामाबद्दल मी इथे यांच्याशिवाय कुणाला सांगत नाही. वडील आफ्रिकेत नोकरीला होते, एवढंच सांगते. आईही तेच करायची. नैरोबीतली आपली मराठी मंडळी रेल्वेत, शाळेत नाहीतर दवाखान्यात. त्यांच्यात एकटे तुम्ही परवानाधारक शिकारी, परदेशी पाहुण्यांना शिकारीला नेणारे. शेजारणींनी विचारलं की आई म्हणायची, हे टूरवर आहेत. मला कॉलेजसाठी पुण्याला मामाकडे ठेवलं त्यालाही ते कारण होतंच. तुमचं काम काय ते मला नीट कळलं ते विसाव्या वर्षी, सुट्टीत आले होते तेव्हा. जर्मनीतून एक कारखानदार आणि त्यांची बायको आली होती. बाईंना छावणीत बोलायला बाईमाणूस हवं होतं, म्हणून तुम्ही मला घेतलंत.

छावणीत पहिल्या रात्री जेवणाच्या टेबलावर तुमचा भागीदार बोलत होता. तो दाढीवाला ग्रीक, ज्याला सगळे म्झे म्हणायचे, म्हणजे म्हातारबा. डाव्या हाताची दोन बोटं एका बिबळ्याकडे ठेवून आला होता आणि पाहुण्यांना सांगायचा की बिबळ्याने ती उसनी नेली आहेत. दर वेळी गोष्टीत तो बिबळ्या हातभर लांब व्हायचा. तुम्ही शेजारी बसून पोळीऐवजी पाव खात होतात. म्झेने पाहुण्यांना तुमची ओळख करून दिली, "या माणसापासून सावध राहा. रानरेडा मारायला याला गोळी कमी आणि साखर जास्त लागते." सगळे हसले. तुम्हीही हसलात. मला तेव्हा विनोद कळला नव्हता.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी कळला. मी आणि त्या बाई जीपमध्ये मागे होतो. कारखानदारांनी रेड्यावर गोळी झाडली आणि ती पोटात बसली. रेडा वाकला, मग सरळ झाला आणि काटेरी जाळीत शिरला. मला वाटलं पळून गेला, संपलं. बाईंनी मला सांगितलं, नाही, आता सुरू झालं. पाहुण्याने जखमी केलेल्या जनावराच्या मागे शिकाऱ्याने जायचं, पाहुण्याने नाही. तो तुमचा कायदा होता. जखमी रेडा पळत नाही, वळून आपल्याच मागावर येऊन उभा राहतो, हेही त्यांनीच सांगितलं. त्या जाळीत दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. म्झे रायफल घेऊन निघालाच होता. तुम्ही म्हणालात, "आधी चहा." आणि माग काढणाऱ्या तुमच्या माणसाने मुकाट्याने तीन दगड मांडले, काटक्या गोळा केल्या आणि काळी किटली चढवली.

म्झे चिडला होता, पण थांबला. कारखानदार एका दगडावर बसले होते, चेहरा पांढरा. तुम्ही त्यांना समजावून सांगत होतात की जनावराला लगेच दाबलं की ते उठून लांब जातं, वेळ दिला की आडवं होतं, अंग आखडतं, मग काम सोपं. शांतपणे, शाळेत शिकवावं तसं. ते मान हलवत होते, गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणत होते. मग पाणी उकळलं, चहा झाला, आणि तुम्ही किटली उचललीत. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. किटलीची चोच कपाच्या काठावर वाजत होती. चहा बाहेर सांडत होता. मी तुमच्या हातातून किटली घेतली आणि ओतला. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. कप दोन्ही हातांत धरून मराठीत म्हणालात, म्हणजे तिथे मला एकटीलाच कळेल असं, "रेड्यासाठी नसतो हा. हातांसाठी असतो. हात थांबले की उठायचं. त्यानंतर बसलं तर मग उठवत नाही."

मी विचारलं, "अण्णा, तुम्हाला भीती वाटते?"

"माणसांसमोर असं विचारायचं नाही," तुम्ही म्हणालात. तुम्ही मला कधी रागावला नाहीत, म्हणून ते एवढं लागलं. मग कप पालथा ठेवलात, दुनळी रायफल उघडून पाहिलीत, आणि मंडईत निघाल्यासारखं "येतो" म्हणून त्या माणसाबरोबर जाळीत शिरलात. मला "या" म्हणायचं होतं. ते राहून गेलं.

आता पाणी गरम व्हायला लागलंय, तळाशी बुडबुडे आहेत. त्या वेळी आम्ही किती थांबलो ते मला आठवत नाही. बाईंनी माझा हात धरला होता एवढं आठवतं, आणि एक पक्षी ओरडत होता तो अचानक गप्प झाला. मग दोन गोळ्या जवळजवळ एकत्र. मग काही नाही. म्झे रायफल घेऊन जाळीच्या तोंडाशी उभा होता. मग तुम्ही बाहेर आलात. टोपी नव्हती, शर्ट खांद्यापासून फाटला होता. कारखानदारांजवळ जाऊन म्हणालात, "तुमचीच गोळी, साहेब. माझ्या आधीच गेला होता." सगळ्यांना माहीत होतं की तसं नाही. ते आत गेले, टोपी काढली आणि एक हिरवी डहाळी तोडून त्या रेड्याच्या तोंडात ठेवली. त्यांच्या देशातली रीत. शेवटचा घास, असं बाईंनी मला समजावलं. इथे रानाच्या कडेने फिरताना एकदा मी शिकाऱ्यांना हरणाच्या तोंडात तशीच डहाळी ठेवताना पाहिलं, आणि यांना काही न सांगता तिथे उभी राहिले.

पुढच्या वर्षी म्झे एका सिंहामागे थेट शिरला आणि परत आला नाही. ती बातमी तुम्ही मला पत्राने कळवलीत, एकाच ओळीत. त्यानंतर लवकरच शिकारबंदी आली, तुम्ही आणि आई पुण्याला आलात आणि तुम्ही शाळेतल्या मुलांना रायफल शूटिंग शिकवू लागलात. घरात काही झालं की तुमचं तेच, आधी चहा. आईच्या आजाराचं निदान झालं त्या दुपारीही. आईला वाटायचं, तुम्हाला चहा आवडतो.

कारखानदारांनी तुम्हाला भेट पाठवली होती. पार्सल उघडलं तर स्टीलचा थर्मास. सोबत चिठ्ठी होती की पुढच्या वेळी रानात आग पेटवून पाणी उकळत बसावं लागू नये. तुम्ही एवढे हसलात की डोळ्यांत पाणी आलं. आईला म्हणालात, "याला काहीच कळलं नाही. पाणी उकळायला लागतो तेवढा वेळच तर पाहिजे असतो." तो नैरोबीत फडताळात राहिला, पुण्यात फडताळात राहिला आणि आता माझ्या फडताळात आहे. कधी वापरला नाही. ज्या देशात तयार झाला तिथेच मी तो परत आणला, हे इथे आल्यावर माझ्या लक्षात आलं.

पोटच्या पोराला जखमी जनावर म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण तो दार लावून बसलाय आणि मी नऊ दिवस इथे बसून स्वतःला सांगतेय की त्याला वेळ द्यावा, दाबू नये. तुमचंच शिकवलेलं सांगतेय. तुम्ही त्या कारखानदारांना सांगितलंत ते मी लक्षात ठेवलं आणि मला एकटीला सांगितलंत ते सोडून दिलं. त्या शनिवारी यांना चहा दिला तेव्हा कप मी ट्रेमधून नेले. हातात धरवत नव्हते. यांना कळलं नाही.

आणि सकाळपासून तो एक शब्द कानात आहे. तो मुलगा म्हणतो, हो म्हणाला. असेल. जर्मनमध्ये "या" म्हणजे हो, पण मला तो मराठीतला ऐकू आला. मला "या" म्हणाला की हो म्हणाला, की आणखी कुणाला काही म्हणाला, ते फोनवर कळणार नाही. दाराशी उभं राहिल्यावरच कळेल, तेही त्याने उघडलं तर. उघडलं नाही तर काय करायचं ते मला माहीत नाही. तुम्हाला तरी आत काय असेल ते कुठे माहीत असायचं.

पाणी उकळलं. मध्ये उठून आलं घातलं, साखर, चहा, दूध. एक कप इथे टेबलाशी प्यायले. यांना ऑफिसात फोन करून सांगितलं की मी ड्रेस्डेनला जातेय, दुपारची गाडी आहे. हे म्हणाले, "त्याचा तो निळा स्वेटर इथे राहिलाय, तो घे."

हे पत्र टेबलावर ठेवलं तर यांच्या हाती पडेल, म्हणून घडी करून तुमच्या थर्मासच्या जुन्या खोक्यात ठेवते. एक सांगायचं राहिलं. हात अजून पूर्ण थांबलेले नाहीत. कप बशीवर ठेवताना वाजला. तरी उठतेय.

उठून थर्मास गरम पाण्याने दोनदा विसळला. झाकणाचं रबर कडक झालंय, म्हणून आधी नुसतं पाणी भरून उलटा धरून पाहिला. गळत नाही. उरलेला चहा गाळून त्यात भरला, झाकण घट्ट लावलं आणि बाहेरून पुसला.