लोर्नाची काचेची थाळी

सासेबो, ६ सप्टेंबर

चि. कियोहिको यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व कुशल आहे. फक्त तुझ्या दाजींमुळे दोन राष्ट्रांचे संबंध बिघडले आहेत.

निवडणुकीत ते इथले उमेदवार नागाहामा यांच्या प्रचार कचेरीचे व्यवस्थापक झाले. नागाहामा दिवसभर पांढरे हातमोजे घालून गाडीतून ओरडतात, की अमेरिकेला आता खडे प्रश्न विचारू, तळाचा करार पुन्हा तपासू. आमची शेजारीण लोर्ना तुला माहीत आहे; अमेरिकन, नवरा इथल्याच अमेरिकन आरमारी तळावर, बारा वर्षांचा शेजार. तरीही ती बिचारी शुभेच्छा म्हणून काचेच्या थाळीत सफरचंदाचा केक घेऊन कचेरीत गेली. निवडणूक कायद्याने तिथे चहा-बिस्किटांपलीकडे काही घेता येत नाही, आणि परदेशी माणसाकडून तर काडीही नाही. दाजींनी कमरेत वाकून, दोन्ही हातांनी थाळी परत केली. कारण सांगायला मात्र त्यांचं इंग्रजी पुरलं नाही.

बारा वर्षांत आम्ही एकमेकींची थाळी कधी रिकामी परत केली नाही. ही भरलेलीच परत गेली. तेव्हापासून तिचा पडदा ओढलेला आहे. आणखी तीन वर्षं राहायचं की मायदेशी जायचं, याचा अर्ज नवऱ्याने सोळा तारखेच्या मंगळवारपर्यंत द्यायचा आहे. न्हाव्याच्या बायकोला ती म्हणाली म्हणे, जिथे केक नको तिथे आपण तरी कशाला.

तू परराष्ट्र खात्यात पत्रं लिहितोस. मला एक माफीपत्र लिहून दे. तेवढा तरी तुझ्या नोकरीचा घराला उपयोग होऊ दे.

तुझी ताई,
सावाए

तोक्यो, १० सप्टेंबर

ती. ताईस कियोहिकोचा शि. सा. न. वि. वि.

माफीपत्र मिळणार नाही. सध्या आमच्याकडे मित्रराष्ट्रांसाठी दोन मसुदे तयार आहेत: हे आले तर एक, ते आले तर दुसरा. दोन्हींत मैत्री अढळ आहे. नागाहामांच्या पक्षासाठीच्या मसुद्यात ती तीनदा अढळ आहे, त्यावरून काय ते समज. आमचे साहेब म्हणतात, नवं सरकार काय बोललं ते मित्र विसरतात, काय नाकारलं ते विसरत नाहीत.

दाजींनी कायदा पाळला आणि शेजार मोडला. पण निवडणूक रविवारी मतदानाबरोबर संपते. सोमवारी सकाळी तू स्वतः जा आणि तो केक माग. माफी परक्याची मागतात, खायला आपल्या माणसाकडे मागतात. दाजींना बरोबर ने, पण बोलू देऊ नकोस.

लोभ आहेच, दाजींच्या पोटात थोडी जागाही असू द्यावी.

तुझा कियोहिको

सासेबो, १६ सप्टेंबर

चि. कियोहिको यास अनेक आशीर्वाद.

नागाहामा निवडून आले, त्यांचा पक्षही सत्तेवर आला. तुझा तीनदा अढळ मसुदा रवाना झाला असेल.

काल सकाळी आम्ही दोघं लोर्नाच्या दारात उभे राहिलो. जयजयकार करून दाजींचा आवाज बसला होता, त्यामुळे त्यांना गप्प ठेवायचे माझे कष्ट वाचले. मी केक मागितला. ती आत जाऊन फ्रीजरमधून थाळी घेऊन आली. टाकवला नव्हता तिच्याने. दाजींनी तशाच दगडासारख्या गोठलेल्या केकचे उभ्या उभ्या दोन तुकडे खाल्ले, आणि आम्ही उरलेला घरी न्यायला मागितला. तिच्या नवऱ्याने विचारलं, तुमचे नागाहामा आता आम्हाला घालवणार का. दाजी घोगऱ्या आवाजात म्हणाले, प्रश्न खडेच विचारणार, पण उत्तर द्यायला समोरचा घरी असावा लागतो. मी ते माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. नवरा हसला. लोर्ना हसली नाही.

निघताना ती म्हणाली, थाळी मात्र लवकर दे, सामान बांधायचंय. मी म्हटलं, रिकामी कशी देऊ? आमच्या झाडाची संत्री नोव्हेंबरात पिकतील, तेव्हा भरून मिळेल. तोवर केक कशात करायचा, असं तिने विचारलं. मी म्हटलं, दुसरी आण.

आज दुपारी ती बाजारातून नवी थाळी घेऊन येताना दिसली. तीन वर्षांचा अर्ज दिल्याचं तिच्या नवऱ्याने संध्याकाळी सांगितलं, पण मला ते दुपारीच कळलं होतं.

आशीर्वाद तुला, तुझ्या मसुद्यांना नव्हे.

तुझी ताई,
सावाए