गोवर्धनाची एक छोटीशी प्रदक्षिणा

फरीदाबाद, भाऊबीज

ती. अक्काच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार. (यंदाचा साष्टांग खराखुरा आहे. टाचा गादीला टेकवत नाहीत, म्हणून उत्तराच्या दिवाणावर पालथा पडून लिहितो आहे.) तुझे गुडघे आणि भाऊजींचा खोकला आटोक्यात असावेत. माझ्या पायांचं पुढे येईलच.

लेकीने पसंत केलेला मुलगा पाहून ये आणि गोड बोलून नकार देऊन ये, ही तुझी आज्ञा घेऊनच मी इकडे आलो. उत्तराची आई गेल्यापासून आपल्या घरात शेवटचा शब्द तुझा. मुलगा, म्हणजे अनुराग, उत्तराच्याच ऑफिसात आहे. आडनावापुरता मराठी, वाढला करोल बागेत. नरकचतुर्दशीला त्याने उटणं कशाबरोबर खातात असं विचारलं, तेव्हाच नकार माझ्या जिभेवर आला होता. पण उत्तरा घासाघासाला माझं तोंड बघत होती. म्हटलं, पाडवा तरी होऊ दे.

पाडव्याला इकडे गोवर्धनपूजा असते. अनुराग म्हणाला, गाडी काढतो, गोवर्धनलाच जाऊ. गावात शिरलो तर माणसांचा पूर. सरका म्हणायचं असो की धक्का द्यायचा असो, सगळ्याला शब्द एकच, ‘राधे राधे’. (माझ्या अंगठ्यावर पाय देणाराही तेवढंच म्हणाला. त्यावर रागावणार कसं?) आणि तो डोंगर! कृष्णाने करंगळीवर उचलला म्हणून लहानपणापासून ऐकलेला, प्रत्यक्षात पर्वतीपुढे शेताचा बांध वाटावा. शाप आहे म्हणे, रोज तिळातिळाने खचतो. भूमापन खात्यात जन्म काढलेला मी, एका नजरेत अंदाज बांधला आणि उत्तराला सांगितलं, चपला सांभाळ, चहा सांगून ठेव, एक प्रदक्षिणा घालून आलोच. देवाच्या दारी प्रदक्षिणा घालायला विचारायचं कुणाला? अनुरागनेही बूट काढले आणि निमूट मागे आला.

अक्का, तो डोंगर फक्त उंचीला कमी आहे. बराच वेळ चाललो तरी वळण येईना. शेवटी एका आजीबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अभी तो शुरू किया है बाबूजी, सात कोस है." म्हणजे एकवीस किलोमीटर, अनवाणी! मी रिक्षाला हात केला, तर त्यांनीच सुनावलं की उचललेली परिक्रमा अर्ध्यावर टाकत नाहीत. शेजारून लोक लोटांगणं घालत चालले होते. त्यांच्यादेखत रिक्षात बसायची लाज वाटली. मग चाललो. अनुरागने आपले मोजे मला चढवले. वाटभर मी त्याला माझ्या नोकरीतले सगळे किस्से सांगितले आणि त्याने ते शेवटपर्यंत ऐकले. (तू आजवर एकही पुरा होऊ दिलेला नाहीस.) राधाकुंडापाशी मी बसकण मारली, तेव्हा चारचौघांत माझे पाय मांडीवर घेऊन चेपत बसला. मला गहिवरून आलं, खोटं कशाला सांगू.

परतलो तेव्हा अंधार पडला होता. उत्तरा चहा पुन्हा पुन्हा गरम करून घेत रडकुंडीला आली होती.

तर मुलगा पुरता पारखून झाला. नकार कसा द्यावा ते मात्र अजून सुचलेलं नाही.

तुझा आज्ञाधारक,
अण्णा

ता. क. अनुरागला सात कोस आधीपासून ठाऊक होते, हे आज सकाळी कळलं. आईबरोबर लहानपणापासून घालतो परिक्रमा! मग बोलला का नाहीस, म्हणून झापला. तर म्हणतो, "काका, तुम्ही इतक्या कॉन्फिडन्सने निघालात, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. आणि तुम्हाला एकटं कसं सोडणार यार?" (यार म्हणाला. चालवून घेतलं.)

ता. क. २. आज भाऊबीज आणि तुझ्या पाटावर मी नाही, याचं सकाळपासून वाईट वाटतं आहे. पण ओवाळणी चुकवणार नाही. यंदा तबकात भाचेजावई घालतो आहे. माल दिल्लीचा असला तरी टिकाऊ आहे. आणि माझी ओवाळणी तू आजवर कधी परत केलेली नाहीस.