खिळ्यावरचा कागद

बान नोंगसीम, ४ मार्च

चि. मालीवानला बाबाचे अ. उ. आ. (हे पत्र वाचून तुला लागतीलच.)

पित्तनळीत प्लॅस्टिकची नळी बसवल्यापासून डोळ्यांचा पिवळेपणा गेला. रिपोर्टातही स्वच्छ लिहिलंय, कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत. तो कागद मी भिंतीवर खिळ्याला टांगलाय. रविवारी कोई प्लाचा बेत आहे. मासे ताजे, कच्चे, वर लिंबू चिक्कार. लिंबाने जंत मरतात, हे तुझ्या डॉक्टरीणबाईंना कळव. पुन्हा तपासायला मी येणार नाही.

लोभ असू दे, सल्ला नको.
खामफन

खोन केन, ६ मार्च

ती. बाबांना सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नेमकं माझंच ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. लिंबाने जंत मेले असते तर आमच्या प्रयोगशाळेला केव्हाच कुलूप लागलं असतं. कच्च्या माशांतले जंत पित्तनळीत घर करतात आणि वर्षांनी तिथेच कर्करोग धरतो. मागच्या वेळी अरुंद झालेल्या पित्तनळीत नुसता ब्रश फिरवला, चार पेशी हाती लागल्या, त्या बिचाऱ्या निर्दोष निघाल्या. अंगण झाडायचं आणि म्हणायचं, कोठारात उंदीर नाही.

आता डॉक्टरीणबाई बारीक कॅमेरा थेट त्या जागेपर्यंत नेतात आणि बघून चिमट्याने तुकडे घेतात. मी शेजारीच सूक्ष्मदर्शक घेऊन बसते. माल कमी पडला तर तिथल्या तिथे आणखी मागते. रोग असलाच तर आज कापून काढता येईल, भाताच्या कापणीपर्यंत थांबलात तर नाही. मला भीती वाटते, बाबा.

एकोणीस तारखेला तुमचं नाव लावलंय. ओरडायचं ते इथे येऊन ओरडा, पण माया पातळ करू नका.
तुमची मालीवान

बान नोंगसीम, ११ मार्च

चि. मालीवानला आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि चुलीत घातलं. रविवारी सगळे जमल्यावर मी माझा कागद मोठ्याने वाचून दाखवला, टाळ्याही घेतल्या. तेवढ्यात पलीकडच्या घरातल्या सीथोनची बायको उठली. तिने पिशवीतून सीथोनचा गेल्या वर्षीचा कागद काढून माझ्या कागदाशेजारी धरला. अक्षरन् अक्षर तेच. सीथोनला जाऊन पाच महिने झाले. ती आपली भाताची टोपली उचलून घरी गेली. माशांना कोणी हात लावला नाही. एवढी लिंबं वाया गेली.

एकोणीसला पहिल्या बसने येतो. ब्रशवर भागवू देऊ नकोस. चिमटे भरपूर काढायला लाव, लहानपणी तू धाकट्याला काढायचीस तसे. जे दिसेल ते खरं लिही. खिळा मी रिकामा केलाय.

लोभ आहेच, तो वाढव. मलाही भीती वाटते. हे पत्र तूही चुलीत घाल.
तुझा बाबा