होडी, हार आणि माझं मरण यांची वाटणी

मी, गुणाबाई बुधाजी कोळी, वय साठीच्या आसपास, धंदा पूर्वी मासळी विकणे व हल्ली जिवंत राहणे, मूळ राहणार पनवेल कोळीवाडा, सध्या राहणार 'जीवनसाथी' होडी, पनवेलची खाडी, आज डोकं ठिकाणावर असताना, कोणी दमदाटी केलेली नसताना, आणि पायातला ताप डोक्यापर्यंत चढायच्या आत, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. सातवी पास आहे. अक्षर वाकडं आलं तर होडी हलते म्हणून.

न्हावा शेव्यासमोर एक मोठी बार्ज नांगरून पडली आहे. पनवेल-उरणची उरलीसुरली माणसं तिच्यावर राहतात. त्यांच्यातले चारुदत्त मास्तर म्हणाले, आधी मिळकत लिहावी, मग माणसं. सुरुवात त्यांच्या म्हणण्याप्रमाणे करते. पुढचं माझं मी बघेन.

कलम १. घर

कोळीवाड्यातलं माझं दोन खोल्यांचं घर, ओट्यासकट, मी माझे दीर दिनानाथ यांना देते. आत सध्या कोण कोण उभं आहे, ते त्यांनी स्वतः जाऊन पाहावं.

का देते तेही लिहिते, नाहीतर लोक म्हणतील म्हातारीला माया आली. दोन वर्षांपूर्वी आषाढात माणसं मरून पुन्हा उठायला लागली. टीव्हीवाले त्यांना झोंबी म्हणायचे. आम्ही भरकटे म्हणतो, कारण नांगर सुटलेल्या होडीसारखे ते चालतात. ते चावले की माणूस त्यांच्यातला होतो, आणि न चावता मेला तरी उठतोच. आषाढात आमच्या होड्या काठावर ओढून ठेवलेल्या असतात. नारळी पुनवेला दर्याला नारळ दिल्याशिवाय कोळी होडी पाण्यात घालत नाही. मी म्हटलं, या वर्षी राहू दे, आत्ताच्या आत्ता होड्या लोटा. दिनानाथभावजी कोळीवाड्याचे पुढारी. ते म्हणाले, "वयनी, दर्याला नारल दिल्याबिगर होरी पान्यान नाय जायची. रीत ती रीत."

सगळे थांबले. पुनवेला नारळ निघाला तो दरवर्षीसारखाच, बँड लावून. बँडशिवाय नारळ न्यायचा कसा! त्या आवाजाने अख्ख्या पनवेलमधले भरकटे धक्क्यावर आले. नारळ माझ्या नवऱ्याच्या हातात होता, म्हणून सगळ्यांच्या पुढे तोच होता. भावजींनी मोठ्या होडीत उडी मारली, दोरी कापली आणि गेले ते गेले. मी धाकटी होडी लोटली. नवरा काठावर राहिला. रीत सांभाळणारा माणूस घरही नीट सांभाळेल अशी माझी खात्री आहे.

कलम २. नवरा

माणूस मिळकतीत धरता येत नाही, असं मास्तरांचं म्हणणं. पण बुधाजी माझा आहे, तेव्हा मी लिहिणार.

तो अजून पनवेलच्या धक्क्यावर असतो. भरती आली की होडी बांधायच्या खुंटाजवळ येऊन उभा राहतो, पाणी पोटाला लागेपर्यंत. ओहोटीला बाकीच्यांबरोबर बाजाराकडे निघून जातो. ते सगळेच पूर्वी जिथे जायचे तिथे जातात. एस.टी. स्टँडवर रांग लागलेली असते, गाडी कधीची बंद झाली. मासळीबाजारात माझ्या जागेसमोर गिऱ्हाईक येऊन थांबतं म्हणे, हातात पिशव्या घेऊन, आणि भाव कोणी करत नाही. सकाळी धुकं उतरलं की खाडी, तिवरं, पलीकडच्या इमारती सगळं पाण्यावर तरंगायला लागतं. गुलाबी रोहित पक्षी चिखलात एका पायावर झोपलेले असतात. मग वाटतं, पनवेल सगळं झोपेत चाललंय आणि मी तेवढी चुकून जागी राहिले.

दर उधाणाला मी होडी धक्क्याजवळ नेते, हात पोचणार नाही इतपत, आणि त्याच्याशी बोलते. "आवं, आज बोईट गावली." तो मान वळवतो. ओळखतो असं मी म्हणत नाही, वळवतो एवढंच. कोयता घेऊन त्याला मोकळं करावं असं पुष्कळदा मनात आलं. तोंडाकडे बघितलं की हात गळून जातो. माझ्यामागे त्याच्याशी बोलायला जायचं बंधन कोणावर नाही. वाटेवर पडलं तर एक हाक द्यावी.

कलम ३. होडी

'जीवनसाथी' होडी, वल्ही, फेकायचं पाग जाळं, चूल आणि दोन पातेल्यांसकट, मी रुचिरा हिला देते. रुचिरा माझ्या नात्याची नाही, गोताची नाही. खारघरला सातव्या मजल्यावर राहायची, बँकेत नोकरी करायची. बेलपाड्याच्या बाजूला खाडीत कमरेएवढ्या चिखलात रुतून उभी होती, खांद्यावर पोरगी, रिया. मला बघून ओरडली, "मावशी, प्लीज, निदान हिला तरी घ्या!"

मी सांगितलं, "मी कोनाची मावशी नाय." भावजींची पाठ बघितल्यापासून मी होडीत कोणाला घ्यायचं बंद केलं होतं. रक्ताच्या माणसाने दोरी कापली, मग परकं माणूस काय काय कापेल? पण पोरीने रडायचंसुद्धा सोडून दिलं होतं. तिच्या डोळ्यांत ते भरकटल्यासारखं यायला लागलं होतं. ते मला बघवेना. मागे एक होडकं बांधलेलं होतं, त्यात दोघींना बसवलं. दोरी चांगली लांब सोडली. कोयता हाताशी घेऊनच मी पडायचे.

पुढे कधी ओढ जास्त म्हणून, कधी रियाला ताप आला म्हणून, कधी पेज द्यायला बरं पडतं म्हणून मी दोरी आखूड करत गेले. कोणी विचारलं असतं तर सांगणार होते, लांब दोरी कुजते. रुचिराने कधी विचारलंच नाही. बाई हुशार आहे. एका दुपारी दोघी माझ्याच होडीत जेवत होत्या आणि होडकं मागे रिकामं डुलत होतं. कसं झालं ते मला आजही सांगता येणार नाही.

तिला वल्हं अजून धड मारता येत नाही, खाडीत गोल गोल फिरते. माझी लोखंडी कढई घासताना तिने पाण्यात सोडली. ती कढई मी विसरलेले नाही. तरीही होडी तिलाच.

कलम ४. हार

माझ्या गळ्यातला सोन्याचा हार रियाला. हल्ली सोन्याला कुत्रं विचारत नाही. तिने त्याचा बाहुलीला झोका केला तरी माझी हरकत नाही. अंगावर सोनं असतानाच मरावं असं मला फार वाटायचं, तो हट्ट सोडला. पोस्टातले पैसे पोस्टात आहेत. ज्याच्यात दम असेल त्याने काढून आणावेत.

कलम ५. पाय

मला भरकट्याने चावलेलं नाही. शिंगाळा माशाचा काटा तळपायात गेला. जन्म मासळीत गेला आणि आता मासळीच माझा हिशेब करते आहे. पाय काळा पडला आहे, रेघ मांडीपर्यंत चढली आहे.

बार्जवर ओरड झाली, म्हातारी चावा लपवते, तिला किनाऱ्यावर सोडा. मास्तरांनी वरून रुचिराला विचारलं, "तुम्ही स्वतः पाय पाहिलात का?"

"नाही पाहिला. मावशी म्हणाल्या काटा आहे, म्हणजे काटा आहे."

अगं बाई! माझ्या सख्ख्या आईनेसुद्धा माझ्याकडून मासे घेताना तराजू बघितला असता. मला इतकं भरून आलं की मी रुचिराशी कढईवरून कडकडून भांडले. मग आपणहून फडकं सोडलं आणि तिला पाय दाखवला. तिने काटा गेला ती जागा बघितली, गरम पाण्याने धुतली आणि बाजूला तोंड करून रडली. मीही रडले. लपवायचं काय त्यात.

कलम ६. मरण

हे कलम मास्तरांना पसंत नाही, पण मृत्युपत्र माझं आहे.

माझा बेत वेगळा होता. आता संपलं असं वाटलं की भरतीला धक्क्याला जायचं, होडीतून उतरायचं आणि बुधाजीच्या शेजारी उभं राहायचं. त्यात कोणाचं काही लागत नव्हतं. पाण्यात दोघं पोटापर्यंत, धुक्यात, पुन्हा काही आठवायला नको. मला ते गोड वाटायचं, स्वप्नातही दिसायचं. रुचिराने ओळखलं. माझे केस विंचरता विंचरता म्हणाली, "मावशी, मला न सांगता जाऊ नका. बाकी काही मागत नाही."

आज लिहून देते, मी जाणार नाही. मी याच होडीत, माझ्या चटईवर, हिच्यादेखत मरणार. त्या दिवशी रियाला बार्जवर मास्तरांकडे द्यावं. माझा श्वास थांबला की मी उठायच्या आत रुचिराने कोयत्याने जे करायचं ते करावं आणि मला नांगराच्या दगडाला बांधून खाडीच्या तोंडाशी खोल पाण्यात सोडावं. त्यासाठी तिला या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते.

तिचा हात कचरला तर काय होईल, ते मला चांगलं ठाऊक आहे. मी उठेन, आणि माझ्या हातांत पहिली तीच सापडेल. बार्जवरचे म्हणतात, मला आधी खुंटाला जखडून ठेवावं. नको. आजवर मी कोणाकडे पाठ करून झोपले नाही. आता माझं मरण तिच्या हातात देते आणि तिचा जीव माझ्या. इतका विश्वास मी कोणावर टाकला नव्हता. टाकून बघते.

अट एकच. आधी माझ्या तोंडावर पदर ओढावा आणि तोंडाकडे बघू नये. बघितलं की हात गळतो. माझा गळला होता.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने लिहिलं. याआधी कुठलं केलेलं नाही, पुढे करायला मी असणार नाही.

ठिकाण : पनवेलची खाडी, भांगाचं पाणी, उधाण नाही
तिथी : कार्तिक शुद्ध नवमी. इंग्रजी तारीख मास्तर सांगतात १ नोव्हेंबर २०१४, खरंखोटं त्यांनाच माहीत.

सही : गुणाबाई बुधाजी कोळी

साक्षीदार : गुणाबाईंनी आमच्यासमोर सही केली. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, म्हणून सुकट आधीच मिळाली.
१. चारुदत्त मास्तर (सही)
२. विठू, बार्जवरचा तांडेल (अंगठा)

व्यवस्थापकाची संमती : मी, रुचिरा, वरील सर्व वाचलं. कलम १ ते ५ मान्य. कलम ६ मधलं काम मीच करीन, दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही. पदराची अट मान्य नाही. मावशी, मी तुमच्या तोंडाकडे बघत बघतच करीन.
सही : रुचिरा

वरील बदल वाचला. मान्य.
गुणाबाई